बिनकाट्याच्या निवडुंगाचा ध्यास घेतलेला माळी : ल्यूथर बरबँक



आपल्या बांधावर, ओढ्याच्या काठाला, गावठाणाच्या मागं फड्या निवडुंग उभा असतो. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी तो हिरवागार. चैत्र-वैशाखात सगळं रान करपतं, पण याच्या पानात पाणी असतं. जनावराला ते दिसतं, पण तोंड घालता येत नाही. कारण काटे. मोठे काटे एक वेळ परवडले, पण बुडाशी जी बारीक कुसं असतात ती एकदा जिभेत, हिरडीत शिरली की जनावर दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही.

2013 च्या दुष्काळात चारा छावणीवर दावणीला बांधलेली जनावरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात एक विचार नक्की आला असेल. या निवडुंगाला काटेच नसते तर? हाच विचार सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माळ्याच्या मनात आला होता. आपण विचार करून सोडून देतो, तो मात्र कामाला लागला. त्याचं नाव ल्यूथर बरबँक. वीणा गवाणकरांच्या एक होता कार्व्हर या पुस्तकामुळं डॉ. कार्व्हर आपल्या घराघरात पोचले. बरबँक त्याच काळातले, त्याच देशातले. पण आपल्याकडं त्यांची ओळख कमी. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतो. त्यात कौतुक आहे, तसाच एक इशाराही आहे. तो शेवटी येईल.

तेवीस बिया

बरबँक यांचा जन्म 7 मार्च 1849 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकेस्टर गावी झाला. वडील शेती करायचे, जोडीला वीटभट्टी होती. त्यांची तीन लग्नं झाली होती, त्यामुळं घरात एकूण पंधरा मुलं. ल्यूथर तेरावा. शिक्षण गावच्या शाळेपुरतंच झालं, कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलं नाही. पोरवयात नांगर तयार करणाऱ्या कारखान्यात कामही केलं. वडील वारल्यावर वाट्याला आलेल्या पैशातून त्यानं ल्युनेनबर्गजवळ 17 एकर जमीन घेतली आणि भाजीपाला सुरू केला.

त्याच सुमारास एक पुस्तक त्याच्या हाती पडलं. चार्ल्स डार्विनचं, पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पतींत होणाऱ्या बदलांवरचं, 1868 साली निघालेलं. पिकाचा वाण म्हणजे देवानं आखून दिलेली पक्की रेघ नव्हे, निवड करत गेलं तर वाण बदलतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

1872 मध्ये त्याच्या बटाट्याच्या वाफ्यात एका झाडाला फळ धरलं. आता तुम्ही म्हणाल, बटाट्याला फळ? येतं. टोमॅटोसारखं लहान, हिरवं. पण अर्ली रोझ नावाच्या त्या वाणाला ते क्वचितच यायचं. बरबँक रोज जाऊन त्याकडं बघायचा. एक दिवस फळ गायब. गळून कुठंतरी पडलं होतं. पठ्ठ्यानं त्या जागेची माती चाळून काढली आणि फळ शोधलं. आत 23 बिया निघाल्या. त्या लावल्या, तर प्रत्येक बीचा बटाटा वेगळा. कुणाचा बारीक, कुणाचा वेडावाकडा. त्यातला एक मात्र मोठा, गुळगुळीत, भरपूर लागणारा. तोच बरबँक बटाटा.

या बटाट्याचे हक्क त्यानं एका बियाणं व्यापाऱ्याला 150 डॉलरला विकले. त्याच वाणातून पुढं जाड, खरबरीत सालीचा रसेट बरबँक हा प्रकार निघाला. आज अमेरिकेत ज्या लांब लांब बटाट्याच्या फोडी तळून विकल्या जातात, त्यातल्या मोठ्या भागाचं मूळ त्या 23 बियांत आहे. मूळ माणसाला काय मिळालं? 150 डॉलर, आणि करारात स्वतःसाठी राखून ठेवलेले दहा बटाटे.

सांता रोझाची परसबाग

ते दहा बटाटे घेऊन 1875 साली बरबँक कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी आला. 150 डॉलरमधले बहुतेक रेल्वेच्या भाड्यातच गेले. सुरुवातीचे दिवस फार हलाखीचे होते. मिळेल ते काम, सुतारकाम, मजुरी. कोंबड्यांच्या खुराड्यात झोपायची पाळी आली, तापानं अंथरूण धरलं. पण हळूहळू रोपवाटिका उभी राहिली आणि गावातच चार एकरांची जागा घेऊन घर व बाग झाली.

1881 मध्ये एका बागायतदारानं त्याच्याकडं मागणी नोंदवली: प्रून जातीच्या आलुबुखाराची 20,000 कलमं, तीही त्याच हंगामात. दुसऱ्या रोपवाटिकावाल्यांनी हात वर केले, कारण खुंट तयार व्हायलाच दीड-दोन वर्षं जातात. बरबँकनं होय म्हटलं. बदामाची बी लवकर रुजते आणि रोप झपाट्यानं वाढतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं वाळूत बदाम रुजवले, मजूर लावून रोपं शेतात लावली आणि उन्हाळ्यात त्या बदामाच्या खुंटावर प्रूनचे डोळे भरले. वर्ष सरायच्या आत जवळजवळ सगळी कलमं गिऱ्हाईकाच्या हाती दिली. त्या दिवसापासून त्याचं नाव झालं.

1885 मध्ये त्यानं सेबास्टोपोल इथं 18 एकर जमीन घेतली. सांता रोझाच्या घरच्या बागेत संकर करायचा आणि सेबास्टोपोलला हजारो रोपं वाढवून पारखायची, अशी वाटणी झाली. जपानहून आलुबुखाराची रोपं मागवून त्यानं संकर केले. त्यातून पुढं 1906 चा सांता रोझा हा वाण निघाला, तो आजही बागांत आहे. उभ्या आयुष्यात त्यानं 800 च्या वर नवे वाण दिले, त्यात आलुबुखार आणि प्रूनचेच 113.

त्याची पद्धत सांगायला सोपी होती. हातानं परागीकरण करायचं, बी धरायचं, रोपं हजारांनी वाढवायची आणि रांगेतून चालत एखाद-दुसरं ठेवून बाकी सगळी उपटून जाळायची. फळझाडाची वाट वर्षानुवर्षं बघायला नको म्हणून तो लहान रोपांच्या काड्या मोठ्या झाडावर कलम करायचा. एकाच झाडावर शेकडो प्रकारची कलमं असायची. अशा निवडीनंतर बागेत ज्या होळ्या पेटायच्या, त्या पाहून शेजारी वेड्यात काढायचे.

निवडुंगाशी गाठ

कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सास, मेक्सिको या भागात हजारो एकर कोरडी जमीन, आणि त्यावर निवडुंग माजलेला. टेक्सासचे पशुपालक दुष्काळात निवडुंगाचे काटे ज्योतीनं जाळून जनावरांना खाऊ घालत. बरबँकच्या मनानं घेतलं की काटाच नाहीसा केला तर उजाड रान गायरान होईल.

त्यानं मेक्सिकोसह ठिकठिकाणांहून निवडुंगाचे नमुने गोळा केले. काही जाती मुळातच कमी काट्याच्या होत्या. विशेषतः जिला शास्त्रात ओपन्शिया फायकस-इंडिका म्हणतात, तिचे जवळपास बिनकाट्याचे प्रकार शेकडो वर्षांपासून लोकांनी जपलेले होते. पण ते थंडीला नाजूक. उलट काटेरी जाती काटक. मग एकाचा काटकपणा आणि दुसऱ्याचा गुळगुळीतपणा एका झाडात आणायचा, तर दोघांचं लग्न लावल्याशिवाय इलाज नाही.

हे लग्न लावायचं कसं, ते नीट बघा. जालना भागात संकरित कपाशीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट ज्यांनी केलेत, त्यांना हे लगेच कळेल. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी धरून पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचे पराग कुक्षीवर लावायचे, आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. आपल्या आया-बहिणी हे काम रोज हजारो फुलांवर करतात. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 ही संकरित कपाशी निघाली, तिचं बी अशाच हातांनी तयार झालं.

निवडुंगाचंही तेच, पण अडचणी जास्त. फूल मोठं, पिवळं किंवा तांबूस, आणि आत पुंकेसरांचा नुसता झुपका. बोट लागलं की ते पुंकेसर आत मिटतात. मधमाशी आत शिरली की तिच्या अंगावर पराग माखावेत, म्हणून निसर्गानं केलेली ही सोय. फूल टिकतं एक दिवस, फार तर दोन. पुष्कळ जाती स्वतःच्याच परागानं फळ धरतात, म्हणून कळी उमलायच्या आतच पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि फूल कापडानं नाहीतर कागदी पिशवीनं झाकावं लागतं. बरबँक घड्याळाच्या काचेत पराग गोळा करून ठेवायचा आणि बोटानं किंवा कुंचल्यानं कुक्षीवर लावायचा. हे सगळं ऐन उन्हात, काट्यांच्या मध्ये उभं राहून.

त्याच्या हातांची आणि तोंडाची कुसांनी चाळण व्हायची. कधी कधी ती वस्तऱ्यानं तासून किंवा सँडपेपरनं घासून काढावी लागत. आपल्या सगळ्या कामांत जास्त छळलं ते या कामानं, असं त्यानं पुढं लिहून ठेवलं आहे.

आणि एवढं करूनही बीतून येणारी रोपं पुन्हा काटेरी. बिनकाट्याच्या आईचं लेकरू बिनकाट्याचं होईलच असं नाही. आणखी एक भानगड म्हणजे निवडुंगाच्या एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं येतात, आणि त्यातली काही परागाशी संबंध नसलेली, सरळ आईच्याच पेशीतून झालेली असतात. आपल्या कोकणातल्या काही आंब्यांच्या कोयीतून आणि लिंबाच्या बीतून असंच होतं. म्हणजे संकर केला असं वाटतं, आणि हाती येते आईचीच नक्कल. म्हणून हजारो रोपं लावायची आणि मूठभर ठेवायची. ती मूठभर मिळाली की पुढं बी नको. पान कापायचं, जखम वाळवायची आणि मातीत रोवायचं. पानातून आलेलं झाड तंतोतंत मूळ झाडासारखं असतं.

दहा-पंधरा वर्षांच्या अशा कष्टानंतर 1907 साली त्यानं बिनकाट्याच्या निवडुंगांची यादी छापली.

नाव मोठं झालं, आणि घात झाला

इथपर्यंतची गोष्ट आपण टाळ्या वाजवून ऐकतो. पुढची ऐकायला जरा जड आहे.

वर्तमानपत्रांनी बरबँकला जादूगार ठरवलं. वाळवंटात आता दुधाच्या नद्या वाहणार, अशा थाटाच्या जाहिराती आल्या. त्याच्या स्वतःच्या यादीतही दावे मोजूनमापून केलेले नव्हते. लोकांनी एकेक पान चढ्या भावानं घेतलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले निवडुंगाचे जाणकार डेव्हिड ग्रिफिथ्स यांनी तेव्हाच सांगितलं होतं की बिनकाट्याचे प्रकार आधीपासून आहेत, आणि ते थंडीत टिकत नाहीत. पण जाहिरातीच्या गोंगाटात त्यांचं ऐकतो कोण?

1912 मध्ये बरबँकच्या नावानं एक कंपनी निघाली. माल विकणारे दुसरेच, नाव त्याचं. मागणी वाढली आणि खरा माल पुरेना. तेव्हा कंपनीच्या लोकांनी साध्या काटेरी निवडुंगाच्या पानांचे काटे घासून काढून तीच पानं बिनकाट्याची म्हणून विकली, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. शेतकऱ्यानं लावलं, आणि नव्या पानाला काटे आले! तीन-चार वर्षांत कंपनी बुडाली. बोल मात्र बरबँकला लागला.

खऱ्या मालाचीही परीक्षा झालीच. काटा हे निवडुंगाचं कुंपण होतं. ते गेलं तशी ससे, उंदीर, मोकाट जनावरं सगळ्यांनीच त्याच्यावर ताव मारला. कोवळ्या लागवडीला तारेचं कुंपण लागलं, भरपूर चारा हवा तर थोडं पाणी लागलं, निंदणी लागली. म्हणजे पडीक रानात टाकून विसरायचं पीक हे नव्हतंच.

दुसरी उणीव नोंदींची. कार्नेगी संस्थेनं 1905 पासून त्याला वर्षाला 10,000 डॉलर दिले आणि त्याच्या कामाच्या नोंदी घ्यायला जॉर्ज शल नावाचे शास्त्रज्ञ पाठवले. शल बघतात तो कागदावर फारसं काहीच नाही. कोणता बाप, कोणती आई, किती रोपं, सगळं बरबँकच्या डोक्यात. 1909 मध्ये ही मदत थांबली. हेच शल पुढं संकरित मक्याच्या शोधातले एक प्रमुख शास्त्रज्ञ ठरले. बरबँकची नजर पिढ्यान्पिढ्यांत एखाद्याला मिळते, पण नजर दुसऱ्याला देता येत नाही. वही देता येते.

परमहंस योगानंद यांचा बरबँकशी स्नेह होता. 1946 साली निघालेलं आपलं आत्मचरित्र त्यांनी बरबँकच्याच स्मृतीला अर्पण केलं, आणि त्यात एक प्रकरण त्याच्यावर आहे. बरबँक निवडुंगाशी प्रेमानं बोलायचा, तुला काट्यांची गरज नाही, मी तुझं रक्षण करीन असा धीर द्यायचा, ही गोष्ट तिथूनच आपल्याकडं पसरली. रोपाशी बोलणाऱ्याला मी हसणार नाही. जो बोलतो तो रोज जवळ जातो, आणि जवळ जाणाऱ्यालाच फरक दिसतो. पण काटे गेले ते संकरानं, निवडीनं आणि उपटून जाळलेल्या हजारो रोपांच्या हिशेबानं, हेही विसरू नका.

11 एप्रिल 1926 रोजी बरबँक यांचं निधन झालं. सांता रोझाच्या त्याच बागेत, देवदाराच्या जातीतल्या एका झाडाखाली त्यांना पुरलं. ती बाग आजही लोकांसाठी खुली आहे. मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1930 मध्ये, अमेरिकेत कलमानं वाढणाऱ्या नव्या वाणांवर हक्क देणारा कायदा झाला. बरबँकच्या नावावर 16 हक्क नोंदले गेले, पण ते पाहायला तो नव्हता. आपल्याकडं 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंद करता येते. तुमच्या बांधावर एखादं वेगळं झाड असेल तर 150 डॉलरची गोष्ट आठवा.

आपण यातून काय घ्यायचं?

बिनकाट्याचा निवडुंग आता आपल्याकडंही चाऱ्यासाठी लावला जातो. बाएफसारख्या संस्थेनं त्याच्यावर काम केलं आहे. गावोगावच्या बैठकीत शेतकरी मला विचारतात, साहेब, लावू का? माझं उत्तर असं आहे.

लावा, पण थोडा. पान खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, आणि जमलं तर उभं झाड पाहून घ्या. नव्या फुटीला काटे नाहीत ना, ते बघा. घासलेल्या पानाची गोष्ट तुम्ही आत्ताच वाचली. कापलेलं पान सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवून जखम वाळू द्या, मग अर्धं मातीत, अर्धं वर. निचऱ्याची जमीन हवी. पाणी साचलं की कुजलंच. कुंपणाशिवाय लावू नका, नाहीतर गावातल्या शेळ्यांना मेजवानी.

हा चारा म्हणजे मुख्यतः पाणी. हिरव्या पानात शेकडा 85 ते 90 भाग पाणी असतं, प्रथिनं कमी. रात्री हवेतला कार्बन वायू घेऊन दिवसा छिद्रं मिटून बसायची त्याची रीत आहे, म्हणून तो कमी पाण्यात जगतो. पण नुसतं हेच घातलं तर जनावर पातळ शेण टाकतं. तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्या, जोडीला थोडी पेंड द्या. दुष्काळात हा चारा पाण्याची आणि हिरव्याची गरज काही अंशी भागवेल, कडब्याची जागा घेणार नाही.

आणि एकच एक वाण सगळीकडं लावू नका. 1926 मध्ये दक्षिण भारतात माजलेला निवडुंग आटोक्यात आणायला कोचिनील ही कीड मुद्दाम आणली होती. तीच कीड 2014 पासून मोरोक्को देशात शिरली आणि तिथल्या लोकांच्या पोटापाण्याच्या निवडुंगाच्या बागा तिनं उद्ध्वस्त केल्या. पानापानातून वाढवलेली सगळी झाडं सारखी, त्यामुळं एकाला लागली की सगळ्यांना लागते. शेवटी तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळी झाडं तपासून किडीला तोंड देणारे काही वाण निवडून काढले. म्हणजे पुन्हा बरबँकचंच काम.

ज्यांना हौस आहे त्यांनी परसात निवडुंगाच्या दोन वेगळ्या जाती लावाव्यात, फूल आलं की हातानं पराग लावून पाहावं, आणि आलेली रोपं कुंडीतच ठेवावीत. बियांचं कवच टणक, उगवण मंद, पहिलं फूल यायला काही वर्षं. घाई नको. पोरांना सोबत घ्या. काटेरी निघालेली रोपं ओढ्यात फेकू नका, जाळून टाका.

मात्र एक वही करा. तारीख, आई, बाप, किती बिया, किती रोपं. बरबँकला जे जमलं नाही, ते आपल्या चौथीतल्या पोरीला जमेल.